कै. विनायकराव, स्टेजपासून तिसरे

भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात छताला अठरा पंखे आहेत आणि त्यातला एकही नुसता पंखा नाही. प्रत्येकाच्या तीन पात्यांवर लाल ऑइलपेंटनं अक्षरं काढली आहेत. पहिल्या पात्यावर 'कै.' आणि नाव, दुसऱ्यावर आडनाव, तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ'. त्यामुळे आमच्याकडे पंख्याला कुणी पंखा म्हणत नाही. "जरा रामभाऊंना वाढवा", "आमचे बाबा आज हळू का?" असंच बोलणं चालतं. पुण्याहून लग्न होऊन आलेल्या एका सुनेनं पहिल्याच कार्यक्रमात "नानासाहेब फार करकरतात, त्यांना खाली उतरवून तेल घाला" हे वाक्य ऐकलं आणि नवऱ्याचा हात घट्ट धरला. आता तीच "अण्णांना तीनवर ठेवा" म्हणते.

रीत अशी की कार्यक्रमाच्या आधी समई लावली, की ज्याचा पंखा त्याच्या घरचं माणूस उठतं, भिंतीवरच्या बोर्डापाशी जातं आणि आपल्या हातानं बटण दाबतं. मोठे दिवे त्यानंतरच लागतात. जानेवारीत भोपाळला हुडहुडी भरते, तरी ही रीत चुकत नाही. शाली पांघरून लोक वाडवडिलांच्या वाऱ्याखाली कुडकुडत बसतात. कार्यक्रम संपला की चौकीदार मेन स्विच खाली ओढतो आणि दिवे, पंखे सगळं एकदम जातं; बटणं तो मागाहून बंद करतो.

मी मंजूषा, या मंडळाची कार्यवाह. कार्यवाह म्हणजे ज्या माणसाला वेळेवर 'नाही' म्हणता आलं नाही तो. आणि ज्यांच्यामुळे हे सगळं रामायण घडलं ते नीळकंठ, माझे यजमान.

आम्ही सोनागिरीत राहतो. नीळकंठ शेजारच्या कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. निवृत्त इंजिनियर घरात असला की घरातली एकही वस्तू सुखानं बिघडू शकत नाही. सहा महिन्यांत माझ्या मिक्सरचा आवाज बदलला, देवघराच्या समईला सेन्सर लागायचा राहिला. मग एक दिवस त्यांना जमिनीखालचा गारवा सापडला आणि माझं स्वयंपाकघर वाचलं.

"मंजू, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार नि थंडीत कोमट का लागतं?" सकाळच्या चहाला त्यांनी विचारलं.

"कारण विहिरीला नवरा नसतो," मी म्हणाले. रात्री लाइट गेले होते, माझी झोप झाली नव्हती.

मग त्यांनी समजावलं. खोल गेलं की जमिनीचं तापमान बारा महिने जवळजवळ सारखं असतं, पंचवीस-सव्वीस. वर चव्वेचाळीस असो नाहीतर आठ. तर बोअर मारायचे, त्यांत पाइप सोडायचे, पाइपांतून पाणी फिरवायचं. उन्हाळ्यात सभागृहातली उष्णता मशीननं ओढून त्या पाण्यातून जमिनीला द्यायची, हिवाळ्यात तीच जमिनीकडून मागून घ्यायची. एसीपेक्षा वीज कमी. छताला पंखा नको, खिडकीला कूलर नको. त्यांचे डोळे चमकत होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर सह्या केलेल्या माणसाला एकदा आपलं स्वतःचं ड्रॉइंग जमिनीत उतरलेलं बघायचं होतं. मला त्यांचं कौतुक वाटलं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आमचे अध्यक्ष अच्युतराव. त्यांचे वडील नागपूरच्या सचिवालयातून फाइलींबरोबर भोपाळला आले, आणि अच्युतरावही फाइलींतच मोठे झाले. त्यांनी मंडळाच्या सभेत नीळकंठचं अर्ध्या तासाचं भाषण डोळे मिटून ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"सगळं बरोबर आहे नीळकंठराव. पण हे दिसणार कुठून?"

"दिसत नाही, हाच तर त्याचा गुण आहे. सगळं जमिनीखाली."

"मग देणगी कोण देऊन राहिलं बाप्पा? माणूस पंखा देतो, तर पंख्यावर नाव येतं. खुर्ची देतो, तर पाठीवर येतं. पाइपावर नाव टाकून तुम्ही पाइप गाडून टाकाल. वाचेल कोण, गांडुळं?"

यावर तिसऱ्या ओळीतून सुमनवहिनी उठल्या. आमच्याच गल्लीत राहतात. त्यांचे यजमान विनायकराव कारखान्यात मोटारींच्या तारा गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होते, नीळकंठना फार सीनियर. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. क्वार्टर कारखान्याकडे परत गेलं. नंतर घर घेतलं त्याच्या दारावर मुलाच्या नावाची पाटी आहे, मुलगा मात्र टोरांटोत आहे. विनायकरावांचं नाव या शहरात एकाच ठिकाणी उरलं होतं, आमच्या छताला. स्टेजपासून तिसरा पंखा. सुमनवहिनी कुठलाही कार्यक्रम चुकवत नाहीत आणि बरोबर त्याच्याखालीच बसतात.

"भाऊजी," त्या नीळकंठना म्हणाल्या, "पंखे काढणार का?"

"वहिनी, पंख्याची गरजच राहणार नाही."

"गरजेचं नाही विचारत. यांचं नाव कुठं जाईल?"

नीळकंठनी ड्रॉइंग उलटंपालटं केलं. त्या ड्रॉइंगमध्ये व्हॉल्व्ह होते, पंप होते, माणसाचं नाव ठेवायला जागा नव्हती. तेव्हा अच्युतरावांनी डोळे उघडले. प्रत्येक बोअरवर एक संगमरवरी शिळा बसवायची, त्यावर नाव कोरायचं. टाळ्या पडल्या. नीळकंठ म्हणाले की त्यांच्या हिशेबानं चौदा बोअर पुरतात.

"कैलासवासी अठरा आहेत," अच्युतराव म्हणाले. "उरलेल्या चौघांच्या घरी काय सांगू? तुमच्या वडिलांच्या वाट्याला बोअर नाही आला म्हणून?"

अशा रीतीनं सभागृहाला किती गारवा लागतो हे गणितानं नाही, वारलेल्यांच्या संख्येनं ठरलं. ठराव एकमतानं मंजूर झाला.

बोअर मारायला जितेंद्र आला, गाडीभर सामान आणि तोंडभर गुटखा घेऊन. आपल्या देशात जमिनीला भोक पाडलं की लोकांना एकच प्रश्न पडतो. बाजूच्या बंगल्यातले, समोरचे पानवाले, सकाळी तळ्याकाठी फिरायला जाणारे, सगळे कुंपणावरून विचारायचे, "पानी लगा?" मी सांगायची, "पानी चाहिए ही नहीं." ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत की मला घरी जाऊन आरशात बघावंसं वाटे.

सातव्या बोअरला पाणी लागलं. जितेंद्रनं आरोळी ठोकली, "साब, बढ़िया मीठा पानी!" कॉलनी गोळा झाली. कुणी नारळ आणला, कुणी पेढे. अच्युतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते बोअरच्या पाण्यापेक्षा थोडंच कमी होतं. आणि नीळकंठ शांतपणे म्हणाले, "छान, ओलाव्यानं उष्णता आणखी चांगली जाईल," आणि त्यांनी त्या भोकात पाइप सोडून वरून भोक बुजवून टाकलं. उन्हाळ्याच्या तोंडावर, शंभर लोकांच्या देखत, गोड पाणी बुजवणारा माणूस शाहपुऱ्यानं पहिल्यांदाच पाहिला. जितेंद्र मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "भाभीजी, साब की तबीयत ठीक है ना?"

एप्रिलच्या अखेरीला काम संपलं. पंखे उतरवून स्टोअरमध्ये टाकले, छताला नुसते हुक राहिले. बाहेर हिरवळीवर अठरा पांढऱ्याशुभ्र शिळा दोन रांगांत बसल्या. प्रत्येकीवर 'कै.' दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्यांवर मोगऱ्याची फुलं वाहिली, तिसऱ्या दिवशी उदबत्त्या लागल्या. त्याच आठवड्यात साखरपुड्यासाठी हॉल बघायला आलेले मुलाकडचे लोक फाटकातूनच नमस्कार करून परत गेले.

उद्घाटन वसंत व्याख्यानमालेच्या पहिल्या दिवशी ठेवलं होतं. संध्याकाळचे साडेपाच, बाहेर लूच्या झळा चालू. प्रमुख पाहुणे म्हणून एक मोठे अधिकारी आले. त्यांनी हिरवळ पाहिली, बूट काढले, हात जोडले आणि गंभीर आवाजात अच्युतरावांना विचारलं, "ये सब संतों की समाधियाँ हैं?"

"नहीं साहब, बोअर हैं," अच्युतराव म्हणाले.

पाहुण्यांनी बूट परत घातले. मग उद्घाटन कशाचं करायचं असा प्रश्न आला, कारण दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी एका भिंतीला फीत लावली आणि ती कापली.

आत मात्र, खरं सांगते, मला भरून आलं. बाहेरून भाजून आलेलं माणूस दारात पाऊल टाकताच 'अहाहा' म्हणत होतं. आवाज नाही, वारा नाही, नुसता गारवा. भिंतीवरच्या तापमानाच्या डबीत काट्यावर चोवीस. नीळकंठ मागच्या दारापाशी उभे होते, नवा सदरा घालून, परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे.

पाहुण्यांनी समई लावली. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं अठरा जण खुर्च्यांवरून उठले, भिंतीपाशी गेले आणि थांबले. बोर्डावरची बटणं काढून तिथे पांढरी पट्टी बसवली होती. काही क्षण ते तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग एकेक जण खाली मान घालून जागेवर येऊन बसला. सुमनवहिनी बसल्या नाहीत. त्यांनी वर हुकाकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि बाहेर गेल्या.

मी मागोमाग धावले. त्या हिरवळीवर, विनायकरावांच्या शिळेच्या कडेला, डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. शिळा तापली होती.

"वहिनी, आत चला. ऊन बाधेल."

"यांना इथं आणून ठेवलंत ना? मग मी आत कुणाबरोबर बसू?"

मीही तिथंच बसले, आणि चटका बसून लगेच उठले.

खिडकीतून हे आतल्यांना दिसलं. सुमनवहिनी आपल्या माणसाजवळ उन्हात, आणि आपण आत गारव्यात! लोक काय म्हणतील? आधी वैद्यांची मुलगी बाहेर आली. मग देशकरांचे दोघे भाऊ, एकमेकांवर नजर ठेवत. अच्युतरावांना आपल्या वडिलांच्या शिळेवर येणं भागच होतं. पाव तासात सगळं मंडळ हिरवळीवर, आपापल्या दगडाशेजारी, रुमालानं घाम पुसत बसलं होतं, आणि आत चोवीस अंशांच्या नितांतसुंदर गारव्यात वक्ते, प्रमुख पाहुणे आणि नीळकंठ असे तिघंच होते.

घरी आल्यावर नीळकंठनी नवा सदरा काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, "मंजू, यंत्र उत्तम चाललं ना?"

"उत्तम."

"मग कुणी बसलं का नाही?"

मला त्यांची दया आली आणि रागही आला, त्यातला राग आधी बाहेर पडला. "अहो, तुम्ही त्या बाईचा माणूस डोक्यावरून काढलात आणि दगडाखाली घातलात. वरून म्हणता, गार वाटतंय ना? ती तिथे हवा खायला येत होती असं वाटलं तुम्हाला?"

ते उठून गच्चीवर गेले.

सकाळी त्यांनी शिडी मागितली. आम्ही दोघं सभागृहात गेलो. स्टोअरमध्ये पंखे एकीकडे आणि पाती दुसरीकडे, अशा ढिगात पडली होती. नीळकंठ त्या ढिगात चष्मा लावून बसले ते बसलेच. मी शिडी धरून कंटाळले. "अहो, कुठलीही तीन घ्या नि या!" मी ओरडले. ते आले तेव्हा कोपरापर्यंत धुळीनं माखले होते. स्टेजपासून तिसऱ्या हुकाला त्यांनी स्वतःच्या हातानं विनायकरावांना चढवलं, बोर्डावर त्यांचं बटण परत बसवलं.

दुपारी समितीला त्यांनी सांगितलं, "तांत्रिक बाब आहे. गार हवा खाली बसते, ती मिसळायला पंखा हवाच. डिझाइनमध्ये होतंच ते."

"एकच?" अच्युतरावांनी विचारलं. "अन् तो विनायकरावांचाच का? आमच्या वडिलांनी हवा मिसळू नये काय?"

झालं. इलेक्ट्रिशियन दिलीपला बोलावलं आणि त्यानं एका दुपारीत बाकीचे सतरा टांगले. उद्घाटनाला लोक का उठून गेले यावरही त्याच बैठकीत चर्चा झाली आणि समिती या निष्कर्षाला आली, की गारवा कमी पडला. "दिसत नाही तर नाही, निदान जाणवू तर द्या," म्हणत अच्युतरावांनी काटा अठरावर आणून ठेवला, डबीला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. नीळकंठ आपलं ड्रॉइंग गुंडाळून घरी निघाले.

या गडबडीत मधलं व्याख्यान रद्द झालं आणि व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस उजाडला. पुण्याहून आलेले वक्ते 'आनंदी वार्धक्य' या विषयावर बोलणार होते. समई लागली. अठरा जण उठले, बोर्डापाशी गेले, बटणं दाबली. कितीतरी जणांचे चेहरे उजळले. सुमनवहिनी विनायकरावांखाली येऊन बसल्या, त्यांच्या शेजारी नीळकंठ, त्यांच्या शेजारी मी.

दहा मिनिटांत वैद्यांच्या मुलीनं ओढणी डोक्यावरून घेतली. वीस मिनिटांत कुणीतरी घरून शाली मागवल्या. भर मे महिन्यात, बाहेर झाडाची पानं वाळून पडत असताना, पहिल्या ओळीत तीन माकडटोप्या दिसू लागल्या. वक्त्यांच्या दातांवर दात आपटत होते, त्यामुळे आनंदी वार्धक्याचं वर्णन थरथरत बाहेर पडत होतं. पंखा बंद केला की काम भागलं असतं. पण आपल्या वडिलांना सगळ्यांदेखत पहिल्यांदा बंद करणार कोण? देशकर बंधू एकमेकांकडे बघत होते, जो आधी उठेल तो कपाळकरंटा. अच्युतराव जानव्याची किल्ली चाचपत होते, पण काटा वाढवला तर निष्कर्ष चुकला असं झालं असतं. सगळे मुकाट्यानं पितृसेवा करत गारठत होते.

नीळकंठना सटासट शिंका आल्या. एक, दोन, मग मोजायच्या मी सोडून दिल्या. नाक लाल झालं होतं. पण जागेवरून हलत नव्हते. सुमनवहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग त्या उठल्या.

सगळं सभागृह बघत होतं. त्या बोर्डापाशी गेल्या, तिसऱ्या बटणावर बोट ठेवलं, क्षणभर तसंच राहू दिलं, आणि दाबलं.

"पुरे आता," त्या वर बघून म्हणाल्या, घरातल्या माणसाला म्हणावं तसं. "भाऊजींना सर्दी झालीय."

विनायकराव हळू झाले. आणखी हळू झाले. मग थांबले.

आणि तेव्हा आम्हाला सगळ्यांना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नाव दिसलं. मोठे दिवे लागायचे तेव्हा पंखा सुरू झालेला असे, तो चालू असे तोवर लाल रंगाचं नुसतं एक कडं फिरताना दिसायचं, आणि थांबायचा तेव्हा दिवेही गेलेले असायचे. आता भरल्या सभागृहात, लखलखीत उजेडात, पाती स्थिर होती. कै. विनायक. केळापुरे. यांच्या स्मरणार्थ.

सुमनवहिनींनी ते मोठ्यानं वाचलं. पहिलीतल्या मुलीसारखं, एकेक शब्द तोडून.

"किती ठळक काढलंय गं," त्या मला म्हणाल्या. "मला वाटायचं, पुसलं असेल."

एकदा एकीनं केलं म्हटल्यावर बाकीच्यांना धीर आला. धडाधड बटणं बंद झाली. आमचंही नाव दिसू दे म्हणून लोक माना वर करून बसले, वक्त्यांनीही मान वर केली. पंखे थांबले. आणि अच्युतरावांचा आवाज आला.

"माझे वडील वैद्य कधी झाले?"

दिलीपनं कुठलीही तीन पाती घेऊन लावली होती. एका पंख्यावर तिन्ही पात्यांवर 'यांच्या स्मरणार्थ' होतं, कुणाच्या ते कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्यावर तीन कैलासवासी एकत्र नांदत होते आणि आडनाव एकालाही नव्हतं. देशकर बंधू ज्या पंख्याच्या गारठ्यात तासभर भक्तिभावानं बसले होते, त्यावर नाव वैद्यांच्या आजोबांचं निघालं. कुणी चिडलं, कुणी हसत सुटलं, वैद्यांच्या मुलीला तर हसून खोकला आला. वक्ते माइक सोडून खाली आले आणि कुणाचं आडनाव कुठं आहे ते शोधायला लागले. तो आमच्या व्याख्यानमालेतला सर्वांत यशस्वी कार्यक्रम होता.

त्या गोंधळात कुणाच्या लक्षात आलं नाही, पण वारा थांबला होता आणि तरी कुणाला उकडत नव्हतं. मी अच्युतरावांसमोर हात पुढे केला. त्यांनी मुकाट्यानं किल्ली दिली आणि मी काटा चोवीसवर नेला.

परत आले तेव्हा सुमनवहिनी सगळ्या छताकडे एकदा बघत होत्या, एकेक पंखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग नजर आपल्या पंख्यावर येऊन थांबली. अठरांतला तेवढा एकच बरोबर होता. त्या नीळकंठकडे वळल्या.

"भाऊजी, यांची तिन्ही पाती तुम्ही शोधून काढलीत?"

नीळकंठनी नाक पुसलं. "डिझाइनमध्ये होतं ते वहिनी," ते म्हणाले.

"लावू का परत?" मी वहिनींना विचारलं.

"नको," त्या खुर्चीत सावरून बसत म्हणाल्या. "बंदच राहू दे. मला वाचू दे."